चावी कुणाकडे, झळ कुठवर

बँकेतली खाती, रुग्णालयातले तपासणी अहवाल, विद्यापीठाचे निकाल, सातबाराचे उतारे हे सगळं शेवटी कुठल्या तरी डेटा सेंटरमधल्या डिस्कवर लिहिलेलं असतं. मोठ्या संस्थांमध्ये बऱ्याचदा या डिस्क सर्व्हरच्या पोटात नसतात. त्या वेगळ्या स्टोरेज ॲरेमध्ये असतात आणि शेकडो सर्व्हर फायबर चॅनेल स्विचच्या जाळ्यातून त्यांच्यापर्यंत पोहोचतात. या जाळ्याला सॅन (स्टोरेज एरिया नेटवर्क) म्हणतात. एका सर्व्हरच्या ॲडमिनकडून चूक झाली तर एक सर्व्हर बंद पडतो. सॅनच्या ॲडमिनकडून झाली तर सगळे सर्व्हर एकदम बंद पडू शकतात. म्हणून त्याला अधिकार किती द्यायचे हा प्रश्न नुसता तांत्रिक राहत नाही. ज्यांना सॅन हा शब्दही माहीत नाही, अशा लाखो लोकांच्या पैशांचा आणि कागदपत्रांचा तो प्रश्न आहे.

नवी मुंबईतल्या ऐरोली-महापेपासून पुण्याच्या हिंजवडीपर्यंत जिथे जिथे असं काम चालतं, तिथे या प्रश्नावर दोन बाजू दिसतात. त्या इथे समोरासमोर बसवल्या आहेत. एक आहे स्टोरेज सांभाळणारा अभियंता आणि दुसरी सुरक्षेचं परीक्षण करणारी अधिकारी. संवाद कल्पित आहे, पण त्यात आलेल्या घटना आणि यंत्रणा खऱ्या आहेत.

अभियंता: मॅडम, तुमचा अहवाल वाचला. आमच्या पाच जणांकडे पूर्ण ॲडमिन अधिकार आहेत, ते कमी करा, असं तुम्ही लिहिलंय. या पाचांपैकी नेमका कुणावर विश्वास नाही तुमचा?

परीक्षक: सर, अविश्वास कुणावरच नाही. अहवालात माणसांबद्दल मी काहीच लिहिलेलं नाही. मी एवढंच पाहिलं की या पाचांपैकी एकाचा पासवर्ड चोरीला गेला किंवा एकाचं बोट चुकलं, तर किती सर्व्हर बंद पडतील. पाचही वेळा उत्तर आलं, सगळे.

अभियंता: चूक होऊ नये म्हणून तर अनुभवी माणसं ठेवतो आपण. आता माझी बाजू ऐका. महिनाअखेरीची रात्र आहे, बॅच चालू आहे आणि एका सर्व्हरला अचानक डिस्क दिसेनाशा होतात. केबल असेल, पोर्टातला एसएफपी मॉड्यूल गेला असेल, झोनमध्ये गडबड असेल, नाहीतर लन मास्किंग, म्हणजे ॲरेवरची कुठली डिस्क (लन) कुठल्या सर्व्हरला दिसावी ही मर्यादा, बिघडलं असेल. एकेक शक्यता तपासत जावं लागतं. दर पावलाला ‘परवानगी नाही’ असं यायला लागलं, तर सकाळी शाखा उघडेपर्यंत कारणसुद्धा सापडणार नाही.

परीक्षक: पण तुम्ही आत्ता सांगितलेली सगळी कामं पाहण्याची आहेत. पोर्ट, एररचे आकडे, झोनची यादी, मास्किंग हे सगळं पाहायचा अधिकार पाचही जणांना पूर्ण द्या, माझी काही हरकत नाही. मला आवर घालायचाय तो बदल करण्यावर, आणि त्यातही पुसून टाकण्यावर.

अभियंता: आणि कारण सापडल्यावर दुरुस्ती कुणी करायची?

परीक्षक: दुरुस्तीची झळ किती दूर जाते, त्यावर ते ठरवू या. आपल्याकडच्या ब्रोकेड बनावटीच्या स्विचवर अशा आठ भूमिका तयारच मिळतात, त्यातल्या काही सांगते. ‘स्विचॲडमिन’ला स्विचची बहुतेक कामं करता येतात, पण सुरक्षा, वापरकर्त्यांची खाती आणि झोनिंग यांना हात लावता येत नाही. ‘झोनॲडमिन’ला फक्त झोनिंग. ‘फॅब्रिकॲडमिन’ला दोन्ही जमतं, पण नवीन खाती उघडता येत नाहीत. खात्यांचं काम ‘सिक्युरिटीॲडमिन’कडे. ‘ऑपरेटर’ रोजची देखभाल करतो आणि ‘यूजर’ नुसता पाहतो. झोनिंग स्विचच्या इतर कामांपासून मुद्दाम वेगळं काढलंय, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

अभियंता: त्याचं कारण मीच सांगतो. एक पोर्ट बंद केला तर त्या पोर्टाला लावलेलं एक उपकरण तुटतं. झोनिंगची गोष्ट वेगळी आहे. कुठल्या सर्व्हरला कुठला ॲरे दिसावा, ही माहिती फॅब्रिकमधल्या, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या स्विचच्या जाळ्यातल्या, प्रत्येक स्विचवर सारखीच ठेवलेली असते. एका स्विचवर बदल करून लागू केला की तो सगळ्यांवर जातो. फॅब्रिकमध्ये एका वेळी एकच झोन कॉन्फिगरेशन लागू असतं. ते कुणी चुकून बंद केलं, तर ‘नो ॲक्सेस’ सेटिंग असताना कुणालाच कुणी दिसत नाही आणि ‘ऑल ॲक्सेस’ असताना सगळ्यांना सगळे दिसतात. पहिल्या प्रकारात काम थांबतं. दुसऱ्यात एका सर्व्हरपुढे दुसऱ्याच्या डिस्क येऊन पडतात आणि मग लन मास्किंग एवढाच आडोसा उरतो.

परीक्षक: म्हणजे एकच कमांड.

अभियंता: हो, एकच. पण म्हणूनच दोन स्वतंत्र फॅब्रिक ठेवतो ना आपण, ए आणि बी. प्रत्येक सर्व्हरला सॅनशी जोडणारी दोन एचबीए कार्डं, एक इकडे, एक तिकडे. ए पूर्ण गेलं तरी बीवर काम चालू राहतं.

परीक्षक: यंत्र बिघडलं तर ती सोय उपयोगी पडते. पण तुमच्या पाचही खात्यांना दोन्ही फॅब्रिकवर पूर्ण अधिकार आहेत. एकावर चुकलेली स्क्रिप्ट त्याच खात्यातून दुसऱ्यावरही तितकीच सहज चालेल. यंत्रं दोन असून काय उपयोग, हात एकच आहे.

अभियंता: आमची शिस्त आहे. आधी ए करायचं, सर्व्हरवर सगळे पाथ परत आले का पाहायचं, मग बी. पण ही शिस्त माणसाच्या डोक्यात आहे, खात्यात नाही, हे कबूल. एखाद्या बदलासाठी दिलेल्या अधिकारात एका वेळी एकच फॅब्रिक असावं, हे मला पटतं. त्यात आमचं काही अडत नाही.

परीक्षक: मला एवढंच म्हणायचंय, आणि ते नवीनही नाही. जेरोम साल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी 1975 मध्ये संगणकातल्या माहितीच्या संरक्षणावर एक निबंध लिहिला. त्यात आठ तत्त्वं दिली आहेत. त्यातलं एक म्हणजे प्रत्येकाला त्याच्या कामापुरताच अधिकार असावा. पुढे 1992 मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेतले डेव्हिड फेराइओलो आणि रिचर्ड कून यांनी अधिकार व्यक्तीला न देता भूमिकेला द्यायची पद्धत नीट मांडली आणि 2004 मध्ये ती अमेरिकेत मानक म्हणून स्वीकारली गेली. तुमच्या स्विचवरच्या भूमिका त्याच विचारातून आल्या आहेत.

अभियंता: त्याच निबंधातलं शेवटचं, आठवं तत्त्वही वाचा ना मॅडम. संरक्षणाची यंत्रणा वापरायला सोपी हवी, म्हणजे लोक ती आपोआप आणि बरोबर वापरतील. हे त्यांनी कामापुरत्या अधिकाराच्या जोडीलाच लिहिलंय. ते विसरलं की काय होतं ते सांगतो. भूमिका इतक्या अरुंद करतात की रोजचं कामही होत नाही. मग कुणीतरी एक ‘तात्पुरतं’ ॲडमिन खातं उघडतं. त्याचा पासवर्ड एक्सेलच्या फाइलमध्ये जातो, तिथून व्हॉट्सॲपवर. कागदावर आठ भूमिका राहतात आणि प्रत्यक्षात सगळी टीम एकाच खात्यातून काम करते. तुमचा अहवाल स्वच्छ येतो आणि धोका मात्र आधीपेक्षा वाढलेला असतो.

परीक्षक: हे मान्य आहे. त्या सामायिक खात्याचं आणखी एक नुकसान आहे. लॉगमध्ये फक्त ‘ॲडमिन’ एवढंच दिसतं, कुणी केलं ते कळत नाही. उद्या खोटा आरोप आला तर निर्दोष माणसाकडेही पुरावा नसतो. स्वतःच्या नावाचं खातं तुमचंही संरक्षण करतं.

अभियंता: नावाचं खातं हवंच. पण ते कुठून तपासलं जाणार? सगळे लॉगिन ॲक्टिव्ह डिरेक्टरीला जोडा, म्हणजे माणूस नोकरी सोडून गेला की एका जागी खातं बंद करता येईल, असं तुम्ही लिहिलंय. सूचना चांगली आहे. पण ॲक्टिव्ह डिरेक्टरीचे सर्व्हर व्हर्च्युअल मशीन आहेत आणि त्यांच्या डिस्क याच सॅनवर आहेत. खास अधिकारांची खाती सांभाळणारी तुमची पॅमची यंत्रणाही याच ॲरेवर. सॅन बंद पडलं की ओळख पटवणारं कुणी उरत नाही आणि ओळख पटल्याशिवाय सॅन चालू करता येत नाही.

परीक्षक: हे माझ्या अहवालात नव्हतं. यायला हवं.

अभियंता: म्हणून प्रत्येक स्विचवर आणि ॲरेवर एक स्थानिक खातं राहूच दे. पूर्ण अधिकारांचं, फक्त आणीबाणीसाठी. पासवर्ड सीलबंद लिफाफ्यात, लिफाफा डेटा सेंटरमध्येच आणि रात्रपाळीच्या माणसाला मिळेल असा. मुख्यालयाच्या कपाटात ठेवलेला लिफाफा रात्री दोनला कामाचा नाही.

परीक्षक: चालेल. फक्त ते खातं वापरलं गेलं की त्याच क्षणी सगळ्यांना कळलं पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी पासवर्ड बदललाच पाहिजे. लिफाफा सहज उघडता यावा, पण गुपचूप उघडता येऊ नये.

अभियंता: मग आपलं जमलं म्हणायचं.

परीक्षक: अजून नाही. खरा मुद्दा पुढेच आहे. तुमच्या ॲरेवर ॲडमिन खात्यातून व्हॉल्यूम पुसता येतो. त्याच खात्यातून त्या व्हॉल्यूमचे स्नॅपशॉट, म्हणजे ठरावीक क्षणाच्या प्रती, पुसता येतात. दुसऱ्या शहरात जाणारं रिप्लिकेशन तोडता येतं. आणि बॅकअपच्या सर्व्हरचा पासवर्डही त्याच टीमकडे आहे. मूळ आणि प्रत, दोन्ही एकाच मुठीत. 2014 मध्ये कोड स्पेसेस नावाच्या कंपनीचं यातच संपलं. ती लोकांचे सॉफ्टवेअर प्रकल्प सांभाळायची आणि तिचं सगळं ॲमेझॉनच्या क्लाउडवर होतं. हल्लेखोर तिच्या नियंत्रण पॅनेलमध्ये घुसला, खंडणी मागितली, आणि कंपनी ताबा परत घ्यायला लागल्यावर डिस्क, स्नॅपशॉट, साठवलेल्या फाइली एकामागून एक पुसत गेला. दुसरीकडे ठेवलेले म्हणून जे बॅकअप होते, त्यांच्यापर्यंतही तो पोहोचला. सगळा खेळ अर्ध्या दिवसात आटोपला आणि कंपनीने धंदा बंद केला. बॅकअप नव्हते असं नाही. ते त्याच चावीखाली होते.

अभियंता: इथे मी वाद घालणार नाही. रॅन्समवेअरवालेसुद्धा आधी बॅकअपच शोधतात. पण यावर तुमचा उपाय काय? प्रत्येक गोष्टीला दुसऱ्याची मंजुरी?

परीक्षक: साल्ट्झर आणि श्रोडर यांनी बँकेच्या लॉकरचं उदाहरण दिलंय. ग्राहकाची एक चावी, बँकेची एक, दोन्ही लागल्याशिवाय लॉकर उघडत नाही. आता ॲरेवरही तशी सोय मिळते. नेटॲप कंपनीने 2022 मध्ये ती आणली. व्हॉल्यूम किंवा स्नॅपशॉट पुसण्याची विनंती एकाने करायची, दुसऱ्या ॲडमिनने मंजूर केल्याशिवाय कमांड चालत नाही.

अभियंता: आणि तो दुसरा ॲडमिन काय करतो, पाहिलंय? फोन वाजतो, तो झोपेतून उठतो, ‘ॲप्रूव्ह’ दाबतो आणि परत झोपतो. दिवसातून दहा मंजुऱ्या मागितल्या, तर एकही वाचली जाणार नाही. माझ्या हातून चूक होऊ शकते असं तुम्ही धरून चालता, मग मंजुरी देणाऱ्याच्या हातूनही होऊ शकते हे धरा.

परीक्षक: म्हणून मंजुरी मोजक्याच कामांना लावायची. नवीन लन देणं, झोनमध्ये सर्व्हर जोडणं, याला अजिबात नको. व्हॉल्यूम कायमचा पुसणं, प्रती पुसणं, लॉगची दिशा बदलणं आणि नवीन ॲडमिन खातं उघडणं, एवढ्याच चार गोष्टींना लावू या. आणि प्रतींच्या बाबतीत तर मंजुरीपेक्षाही भक्कम उपाय आहे, मुदतबंद स्नॅपशॉट. मुदत संपेपर्यंत ॲडमिनलाही ते पुसता येत नाहीत.

अभियंता: त्याची किंमत मी सांगतो, कारण ती आम्ही मोजतो. स्नॅपशॉट जागा खातात. डेटाबेसमध्ये अचानक मोठे बदल झाले की जुने ब्लॉक राखून ठेवावे लागतात आणि पूल भरत जातो. एरवी मी जुने स्नॅपशॉट पुसून जागा मोकळी करतो. मुदतबंद असले तर ते करता येणार नाही. पूल शंभर टक्के भरला की चालू कामाचं लिहिणंच थांबतं. डेटा वाचवायला केलेली सोयच काम बंद पाडते.

परीक्षक: मग मुदत ठरवताना तुम्ही माझ्याशेजारी बसा. किती दिवसांची मुदत परवडेल, किती जागा हाताशी ठेवायला लागेल, ते तुम्हालाच कळतं. पण एकदा ठरल्यावर ती कमी करायचा अधिकार तुमच्याकडे असू नये. आणि माझ्याकडेही नसावा.

अभियंता: हे ठीक आहे. पण मॅडम, तुमच्या अहवालात फक्त माणसं आहेत. या सॅनवर माणसांपेक्षा जास्त खाती स्क्रिप्टची आणि सॉफ्टवेअरची आहेत. मॉनिटरिंगचं एक, बॅकअपचं एक, व्हर्च्युअल मशीनच्या यंत्रणेचं एक. बहुतेकांना बसवतानाच ॲडमिन दिलेलं असतं, कारण इन्स्टॉल करणाऱ्याला घाई असते. त्यांचे पासवर्ड कुणी बदलत नाही आणि ती खाती कधी झोपतही नाहीत.

परीक्षक: बरोबर बोललात. डिसेंबर 2021 मध्ये क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावर नेमकं तेच झालं. जुन्या लॉग फाइली पुसणारी एक स्क्रिप्ट होती. पुरवठादार कंपनीने तिच्यात सुधारणा केली आणि ती चालू असतानाच नवीन स्क्रिप्ट तिच्यावर चढवली. शेल हा प्रोग्राम स्क्रिप्ट वाचत वाचत चालवतो, त्यामुळे मध्येच नवा मजकूर वाचला गेला आणि ज्या व्हेरिएबलमध्ये फोल्डरचं नाव असायला हवं होतं ते रिकामं राहिलं. लॉगऐवजी संशोधकांच्या फाइली पुसल्या जाऊ लागल्या. सुमारे 77 टेराबाइट डेटा आणि सुमारे 3 कोटी 40 लाख फाइली गेल्या. 14 संशोधन गटांना फटका बसला आणि त्यातल्या चार गटांचा डेटा बॅकअपमधूनही परत आणता आला नाही. कुणाचा हेतू वाईट नव्हता, पासवर्डही कुणी चोरला नव्हता.

अभियंता: लॉग पुसणाऱ्या स्क्रिप्टचा हात लॉगच्या फोल्डरपलीकडे पोहोचलाच नसता, तर ती नुसती एरर देऊन थांबली असती.

परीक्षक: तेच तर मी सकाळपासून सांगतेय.

अभियंता: स्क्रिप्टसाठी मला ते शंभर टक्के पटतं. स्क्रिप्टचं काम आधीच ठरलेलं असतं, म्हणून अधिकारही नेमका ठरवता येतो. माणसाचं तसं नाही. त्याला नवीन बिघाडाला तोंड द्यायचं असतं, त्याच्याकडे थोडी मोकळीक हवी. आणि आणखी एक. कमी करा, कमी करा म्हणत सगळं एकाच माणसावर आणू नका. सॅन फ्रान्सिस्को शहराचं उदाहरण आठवा. 2008 मध्ये टेरी चाइल्ड्स हा नेटवर्क ॲडमिन शहराच्या फायबर नेटवर्कचे पासवर्ड वरिष्ठांना देईना. त्याला अटक झाली, तरी पासवर्ड मिळाले ते काही दिवसांनी, तेही महापौर तुरुंगात भेटायला गेले तेव्हा. नेटवर्क चालू होतं, पण त्यावर शहराचा ताबा नव्हता. 2010 मध्ये त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. पण मुळात एकाच माणसाच्या हाती सगळं जाऊ देणारी व्यवस्था कोर्टापुढे उभी राहिलीच नाही.

परीक्षक: म्हणजे सर्वोच्च अधिकार पाचांकडे नको आणि एकाकडेही नको.

अभियंता: दोघांकडे असावा, आणि दोघं एकाच दिवशी रजेवर नसावेत. आमची टीम लहान आहे, आठ भूमिकांना आठ माणसं मिळणार नाहीत. माझी दोन खाती असू दे. रोजच्या खात्यातून पाहायचं आणि नेहमीचं काम करायचं, मोठ्या बदलापुरतं दुसऱ्यात जायचं आणि काम झालं की बाहेर पडायचं.

परीक्षक: मंजूर. आणि दोन्ही खात्यांची नोंद तुमच्या हाताबाहेरच्या लॉग सर्व्हरवर जाऊ दे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार लॉग 180 दिवस ठेवावेच लागतात, सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि सगळ्या यंत्रणांची घड्याळं जुळलेली असावी लागतात. तुमच्या दोन स्विचची घड्याळं मागे-पुढे आहेत. सहा तासांत हकिगत सांगायची, तर आधी काय घडलं आणि नंतर काय, एवढं तरी कळायला हवं.

अभियंता: घड्याळं आज जुळवतो. पण लॉग पाहणार कोण? नुसते साठवलेले लॉग म्हणजे जागेचा खर्च.

परीक्षक: मी पाहीन. तुम्ही पुसू शकणार नाही आणि मी काही बदलू शकणार नाही.

अभियंता: एका गोष्टीवर मात्र मी हटणार नाही. आणीबाणीच्या लिफाफ्यातल्या खात्याला दुसऱ्याची मंजुरी लावू नका. काम ठप्प असताना मंजुरी देणारा फोन उचलेल याची खात्री कुणी देत नाही.

परीक्षक: आणि मी एका गोष्टीवर हटणार नाही. लिफाफ्यातल्या खात्यालाही मुदतबंद प्रती पुसता येऊ नयेत. आणीबाणीत वाट मोकळी करा, पण शेवटची प्रत पुसण्याची वाट कुठल्याच आणीबाणीत लागत नाही.

दोघांचं सगळ्यावर एकमत झालं नाही, आणि व्हायची गरजही नाही. अभियंत्याचं एवढं खरं आहे, की तो घाईच्या क्षणी जबाबदारी घेतो, म्हणून त्याला रोखणारी प्रत्येक परवानगी आधी त्याच्या रात्रपाळीत घासून पाहिली पाहिजे. परीक्षकाचंही खरं आहे, की अधिकार ठरवताना ‘हा माणूस भरवशाचा आहे का’ हा प्रश्न पहिला नसावा. भरवशाच्या माणसाचाही पासवर्ड जातो, भरवशाच्या माणसाने लिहिलेली स्क्रिप्टही चुकते.

माझं मत स्पष्ट आहे. प्रत्येक खात्यापुढे तीन प्रश्न याच क्रमाने मांडावेत. या खात्यातून झालेल्या चुकीची झळ कुठवर जाईल? ती चूक कुणाला मागे घेता येईल? आणि ती झाल्याचं कुणाला कळेल? पहिल्याचं उत्तर ‘एका सर्व्हरपुरती’ असेल तर मोकळा हात द्यावा, मंजुऱ्यांचा काच नको. उत्तर ‘सगळ्यांवर’ असेल तर अधिकार मुदतीपुरता आणि नोंद ठेवूनच द्यावा. आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘कुणालाच नाही’ असं येत असेल, तर तो अधिकार कुठल्याही एका खात्यात असू नये. मग ते खातं कितीही ज्येष्ठ माणसाचं असो, पुरवठादाराचं असो की रात्री आपोआप चालणाऱ्या एखाद्या स्क्रिप्टचं. ज्यांचे पैसे, आजारांचे अहवाल आणि जमिनीचे कागद त्या डिस्कवर आहेत, त्यांना या खोलीत कधी बोलावलं जात नाही. त्यांच्या वतीने हे प्रश्न विचारण्याची जबाबदारी अधिकार देणाऱ्याची आहे, आणि ते अधिकार देण्याआधी विचारायला हवेत.